एकशे बारा डोक्यांचा सरपंच

“एकशे बारा!” सरपंच ओरडले आणि त्यांनी टेबलावर अशी मूठ हाणली की चहाचे सहा कप बशीतून उडाले. त्यातले चार परत बशीत बसले. “एकशे बारा म्हणजे एकशे बारा! एक जास्त नाही, एक कमी नाही!”

“एकशे तेरा,” समोरचा स्विस साहेब उठून म्हणाला. तो इतका उंच होता की कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या आमच्या प्लांटवरच्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये उभा राहिल्यावर त्याचं डोकं ट्यूबलाइटला लागलं आणि ती लुकलुकायला लागली. “मी जन्मलोय त्या गावात! माझा बाप तिथे जन्मला. माझा आजा तिथल्या चर्चमागे पुरलाय!”

“पुरलेले धरायचे नसतात!”

“मी जिवंत माणसांचंच सांगतोय!”

“मग नीट मोजा!”

सरपंच रागाच्या भरात मराठीत ओरडत होते, साहेब इंग्रजीत उत्तर देत होता, आणि दोघांनाही एकमेकांचा शब्दन्‌शब्द कळत होता. तसंच चाललं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पुढचं वाक्य सरपंचांनी इंग्रजीत म्हटलं. “सर, तुम्हाला तुमच्या स्वतःच्या गावातलं काही म्हणजे काही माहीत नाही!”

साहेबाने टोपी उचलली. आमच्या मॅनेजरकडे वळून तो शांतपणे म्हणाला, “पंपाची तपासणी मी उद्यापासून पुन्हा सुरू करीन. पहिल्या बोल्टपासून. नियमाप्रमाणे.” आणि निघून गेला. ट्यूबलाइट तो गेल्यावरही लुकलुकत होती.

आमचा मॅनेजर स्कॉटलंडचा. एरवी त्याचा चेहरा गाजरासारखा असायचा, त्या दिवशी बिटासारखा झाला. कारण तो स्विस साहेब म्हणजे पंप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याची एक सही झाली की पंप सुरू, पंप सुरू झाला की प्लांट सुरू. गुरुवारी संध्याकाळचं त्याचं विमान होतं. आता तो बोल्ट मोजत बसला तर प्लांटला महिनाभर उशीर.

“तू त्याची माफी मागायचीस,” मॅनेजर सरपंचांना म्हणाला. “आजच्या आज.”

“नाही मागणार. आकडा बरोबर आहे.”

“तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. वाढवायचा कागद माझ्या खणात आहे. आठवण आहे ना?”

आठवण सगळ्यांनाच होती. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही की इकामा संपतो. इकामा म्हणजे त्या देशात राहायचा परवाना. तो संपला की बायकापोरांसकट विमानात बसायचं. आणि सरपंचांची मुलगी दहावीला होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती. एवढं सगळं माहीत असून हा माणूस हाताची घडी घालून उभा.

“आकडा बरोबर आहे,” ते पुन्हा म्हणाले.

आता यातली खरी गंमत सांगतो. सरपंच त्या गावात कधीही गेलेले नव्हते. गावाचं सोडाच, त्या देशात पाय ठेवला नव्हता. मूळचे संगमेश्वराकडचे, तिथून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून कुवेत, एवढाच त्यांचा प्रवास. बर्फ त्यांनी पाहिला होता तो शर्कच्या मासळी बाजारात, झुबैदीच्या, म्हणजे तिकडच्या पापलेटच्या, खाली पसरलेला.

सरपंच हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आणि कुवेतमधल्या समस्त मराठी मंडळींनी त्यांना ही पदवी एकमताने दिलेली होती. गावाचं नाव मात्र मी लिहीत नाही, कारण लिहिता येतच नाही. ते घशात सुरू होतं, नाकात शिरतं आणि शेवटची तीन अक्षरं तिकडचे लोक उच्चारतच नाहीत. सरपंच सगळी अक्षरं उच्चारायचे. खणखणीत. छापून दिलेली अक्षरं वाया का घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

हे खूळ लागलं एका पार्सलपायी. कंपनीने विलायतेहून कुवेतच्या वाळवंटाचे नकाशे मागवले होते. स्टोअरकीपरने पहिला नकाशा उलगडला आणि म्हणाला, “हा छापायचा राहिलाय.” राहिला नव्हता. वाळवंटच तसं होतं. आडव्या-उभ्या चौकटी, मध्ये पांढरा कागद, एका कोपऱ्यात एक विहीर. तसे अकरा कोरे कागद निघाले, आणि बारावा निघाला तो चुकून भरलेला. स्वित्झर्लंडचा.

सरपंचांचं अर्धं तरुणपण सह्याद्रीच्या कंटूर रेषा काढण्यात गेलेलं. एकाच उंचीवरच्या जागा जोडत जायच्या की कंटूर होते. डोंगर जितका उभा तितक्या रेषा दाट. त्या रेषांवर जेवलेला हा माणूस कुवेतमध्ये पाच वर्षं काय काढत होता? सरळ पाइप, सरळ पाइप, मग वळणाला एक एल्बो, मग सरळ पाइप. उतार औषधालासुद्धा नाही. त्या माणसासमोर अचानक हा कागद आला, अंगठ्याच्या ठशासारखा रेषांनी गच्च भरलेला. सांगणारे सांगतात की सरपंचांनी त्यावर हात फिरवला तेव्हा तळव्याला चढ लागला. मी तिथे नव्हतो, पण माझा विश्वास आहे.

“परत पाठवायला हवा,” स्टोअरकीपर म्हणाला.

“पाठव,” सरपंच म्हणाले, “पण माझ्याबरोबर.”

मग तो नकाशा त्यांच्या ड्रॉइंग टेबलाच्या काचेखाली गेला. त्यावर शंभरेक गावं होती. त्यातलं सगळ्यात बारीक अक्षरातलं, सगळ्यात दाट रेषांत अडकलेलं गाव त्यांनी निवडलं आणि सरळ पत्र टाकलं. पत्ता काय, तर ‘सरपंच, अमुक गाव, स्वित्झर्लंड’. पत्रात तीन प्रश्न: क्षेत्रफळ किती, लोकसंख्या किती, गुरं किती.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. फ्रेंचमध्ये. तिथला ग्रामसेवक हाच शाळामास्तर होता, आणि असं पत्र त्याला आजवर त्याच्या सरकारनेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. त्याने दोन कागद पाठपोट भरून पाठवले. आमच्या ऑफिसातला लेबनीज टायपिस्ट फ्रेंच शाळेत शिकलेला. त्याने ते वाचून दाखवलं, सरपंचांनी मराठीत उतरवलं, आणि तेव्हापासून दर जानेवारीला पत्र जायचं आणि वसंतात उत्तर यायचं.

मी कुवेतला उतरलो त्याच आठवड्यात मला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. मी नाशिककडचा, सिन्नरजवळच्या एका गावचा. बूट काढतोय तोच आतून प्रश्न आला.

“गाव कुठलं?”

मी सांगितलं.

“लोकसंख्या?”

“असेल चार-पाच हजार.”

सरपंच बाहेर आले. बुटके, गोल, चष्मा कपाळावर, आणि बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना गळ्यात मफलर. एसी फुल करून ठेवलेला होता. “असेल?” ते म्हणाले. “माणसं काय असेल-नसेल असतात होय रे? चार का पाच? मधली हजार माणसं गेली कुठे?”

“अहो, त्याला आत तरी येऊ द्या,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आणि भाऊजी, मफलरकडे लक्ष देऊ नका. त्यांच्या गावात काल बर्फ पडलाय.”

“काल नव्हे, फेब्रुवारीत,” सरपंच म्हणाले. “पत्र काल आलंय.”

जेवताना मला गावाची सगळी माहिती मिळाली. ती ते सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे, कारण वडील तलाठी. “गाव अकराशे मीटरवर. म्हणजे आपली ही बिल्डिंग एकावर एक अशी किती चढवावी लागेल बघ. मधून ओढा. ओढ्याच्या वर वरची वाडी, खाली खालची वाडी. निम्मं क्षेत्र जंगलाखाली. बाकी बहुतेक कुरणाखाली. वहितीखाली नावाला. आणि उरलेला सगळा पोटखराबा.”

पोटखराबा म्हणजे ज्या जमिनीत काही पिकत नाही ती. खडक, ओढ्याचं पात्र, बर्फ.

“त्यांच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं,” सरपंच म्हणाले. “निरुपयोगी क्षेत्र. मी मास्तरला कळवलं, बाबा रे, असं लिहू नकोस. मी राहतो तो अख्खा देश तुझ्या हिशेबाने पोटखराबा आहे, आणि जग इथे रांग लावून उभं आहे.”

“मग?”

“मग त्याने ते गावसभेत वाचून दाखवलं. लोक हसले म्हणे. कार्यवृत्तात नोंद आहे.”

मुलीने ताटातून मान वर न करता म्हटलं, “बाबा, नोबडी केअर्स.”

“एकशे चौदा लोक केअर करतात,” सरपंच म्हणाले. तेव्हा आकडा एकशे चौदा होता.

असा हा गृहस्थ. तिकडे गावात कोणी वारलं की ते शुक्रवारच्या मराठी मंडळींच्या बैठकीत दोन मिनिटं शांतता पाळायला लावायचे, आणि लोक पाळायचे, कारण त्यानंतर वहिनींच्या हातचे बटाटेवडे असायचे. वरच्या वाडीतली एक म्हातारी चार वर्षं अत्यवस्थ होती. तिच्या तब्येतीची चौकशी कुवेतच्या हॉस्पिटलातल्या मराठी सिस्टर वर्षातून एकदा नेमाने करायच्या. गावाच्या रस्त्याला पुढच्या वळणावर कठडा हवा की नको, यावर तिकडे हात वर करून मतदान झालं. सरपंचांनी आपलं मत एअरमेलने पाठवलं, सोबत कठड्याचं ड्रॉइंग, प्रमाण एकास वीस. बाहेरच्याचं मत धरता येत नाही असं मास्तरने कळवलं. कठडा मात्र त्याच ड्रॉइंगप्रमाणे झाला. असं सरपंच सांगायचे, आणि त्यांचा पुरावा कोण तपासायला जाणार?

पण कळस झाला तो बारशाला. एका वसंतात पत्र आलं की खालच्या वाडीत जुळं झालं. सात वर्षांत त्या गावात पाळणा हललेला नव्हता. सरपंचांनी त्याच दुपारी ऑफिसच्या फोनवरून चौदा घरांत निरोप दिले, “शुक्रवारी आमच्याकडे बारसं. जुळं आहे.” एवढंच. फोन खाली.

चौदा घरांतल्या बायकांनी वहिनींना तीनच आठवड्यांपूर्वी पाहिलं होतं. एक म्हणाली, मला तेव्हाच संशय आला होता. दुसरी म्हणाली, सैल पंजाबी ड्रेस घातलेला होता तो उगाच नाही. शुक्रवारी सगळी मंडळी झबली, टोपडी, दुपट्टी, चांदीचे वाळे घेऊन हजर. एका डॉक्टरांनी तर वजनकाटा आणलेला. दार उघडलं ते वहिनींनी, कमरेला पदर खोचून, हातात पुऱ्यांचा झारा.

“अगं बाई! तू उभी काय राहिलीस? झोप आधी!”

“का? मला काय झालंय?”

“बाळं कुठायत?”

“बाळं ना?” वहिनींनी झारा हॉलकडे केला. “विचारा त्यांना. नकाशावर दाखवतील.”

श्रीखंड-पुरी झाली, पाळणाही म्हटला. सगळी झबली एका खोक्यात भरून स्वित्झर्लंडला रवाना झाली. तिकडच्या जुळ्यांनी पहिलं वर्षभर इचलकरंजीच्या मलमलीची कुंची घातली, हे मी फोटोत स्वतः पाहिलेलं आहे. मागे बर्फ होता.

एका वर्षी सरपंच गावाहून सुट्टी संपवून आले ते गप्प. संगमेश्वराकडच्या खऱ्या गावाहून म्हणतोय मी. चार दिवस त्यांनी कोणालाही कुठलाही आकडा सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “थोरल्या भावाने रेशनकार्डावरनं माझं नाव कमी केलंन.”

“अहो, पण—”

“बरोबरच केलंन. राहत नाही त्याचं नाव ठेवायचं नाही, नियमच आहे. मला फक्त सांगितलंन नाही. मी आपला साखर आणायला कार्ड घेऊन गेलो दुकानात.” मग जरा वेळाने म्हणाले, “मास्तरला विचारतो, तिकडे काय पद्धत आहे.”

उत्तर आलं, की तिकडेही गाव सोडलं की नाव निघतं. फक्त जाणाऱ्याने स्वतः कचेरीत यायचं, सही करायची आणि मग जायचं. हे सरपंचांना फार आवडलं. “बघ. स्वतः सही करतात. परस्पर नाही,” असं ते पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगायचे. पुन्हा आकडे सुरू झाले.

तर असा माणूस, आणि एक दिवस पंप तपासायला आलेला तो उंच साहेब त्यांच्या टेबलापाशी येतो, काचेखाली बघतो आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणतो, “हे माझं गाव.”

सरपंचांच्या हातातलं पेन खाली पडलं. मी समोर होतो, शपथेवर सांगतो, ते त्यांनी उचललंसुद्धा नाही. आणि मग असे बोलायला लागले की अडीच तास पंप बाजूला राहिला. ओढ्यावरचा लाकडी पूल दुरुस्त झाला का? चर्चची घंटा अजून चार मिनिटं पुढे आहे का? साहेब आधी हसला, मग चकित झाला, मग खुर्ची ओढून बसला. आजवर त्याला जगभर लोकांनी फक्त घड्याळं आणि चॉकलेटं विचारली होती. हा माणूस त्याच्या काकाच्या गोठ्याची उंची विचारत होता. मॅनेजरसुद्धा खूश होऊन चहा सांगून गेला.

त्या चहावर सरपंचांनी सहज विचारलं, “आणि सध्या माणसं किती?”

पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

मॅनेजरने शेवटी तोड काढली. त्याचा माणसांपेक्षा कागदावर विश्वास. “त्या ग्रामसेवकाला विचार,” तो म्हणाला. “कागदावर एकशे बारा आलं तर मी तो कागद त्या साहेबाला दाखवतो. मग त्याला रागवायला जागाच नाही, आणि मला तुझ्याविरुद्ध बोलायला जागा नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढलं समज. पण एकशे तेरा आलं तर तू चुकीच्या आकड्यासाठी माझा प्लांट अडवलास. मग मला विचारू नकोस.”

टेलेक्स गेला. गावात टेलेक्स नव्हता, पण खालच्या मोठ्या गावच्या पोस्टात आहे आणि तिथून दुपारच्या बसने कागद वर जातो, हे सरपंचांना अर्थातच माहीत होतं. चार दिवस साहेब पंपाचे बोल्ट मोजत होता आणि ऑफिसात सगळे टेलेक्सच्या मशीनकडे बघत होते. वहिनींनी मला फोन केला. “भाऊजी, तुम्ही तरी सांगा त्यांना. सॉरी म्हणायला काय जातं? पोरगी भूमितीचं पुस्तक घेऊन बसते आणि माझ्याकडे बघत राहते.”

मी सांगून पाहिलं. सरपंच म्हणाले, “ज्याचा बरोबर आहे त्याने सॉरी म्हटलं की आकडा चूक होतो.”

बुधवारी दुपारी मशीन कडकडलं. मॅनेजर प्लांटवर होता. टायपिस्टने कागद फाडला, वाचला आणि सरपंचांना मिठीच मारली. एकशे बारा. जानेवारीपासून बदल नाही. सगळ्यांना नमस्कार, जुळी आता शाळेत येतात.

सरपंचांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. मला म्हणाले, “गाडी काढ. मॅनेजर कशाला, मी स्वतःच दाखवतो त्याला.”

साहेब शर्कच्या एका हॉटेलात उतरला होता. पाचची वेळ. आम्ही वर गेलो तर दार उघडंच, आणि हा एवढा मोठा माणूस त्या एवढ्याशा टेबलावर वाकून काहीतरी काढतोय. आम्हाला बघून उठला नाही. फक्त म्हणाला, “या. मी चार दिवस मोजतोय. तुमची चूक कुठे होते ते आज शोधून काढतोच.”

हॉटेलच्या कागदावर त्याने गाव काढलं होतं. ओढा, पूल, दोन्ही वाड्या, प्रत्येक घराचा चौकोन, चौकोनात आकडा. सरपंचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ड्राफ्ट्समनच्या नजरेने आधी ओढ्याचं वळण तपासलं, ठीक म्हटलं, आणि दोघे मोजायला बसले. एक घर साहेब बोलायचा, सरपंच मान हलवायचे.

“चर्चजवळचं. चार.”

“चार.”

“सुताराचं. सहा. धाकटी शहरात गेली, तेव्हा पाच.”

“पाच. बरोबर.”

खालची वाडी जुळली. जुळ्यांसकट. पूल ओलांडला. वरची वाडी घर घर करत जुळत गेली. मी खिडकीपाशी उभा राहून बेरीज करत होतो. शेवटचं घर जंगलाला लागून, सगळ्यात वरच्या रेषेवर. तोवर एकशे अकरा झाले होते.

“आणि हे आमचं,” साहेब म्हणाला. “इथे दोन.”

“दोन कोण?”

“आई. आणि मी.”

सरपंचांनी चष्मा परत कपाळावर चढवला. साहेब टेबलावरच्या चौकोनाकडेच बघत होता. मग जरा चिडून म्हणाला, “का? मी मोजायचा नाही?”

“किती वर्षं झाली बाहेर?”

“नऊ.”

सरपंचांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, आता टेलेक्स निघाला. कॉन्ट्रॅक्ट, इकामा, दहावी, सगळं त्या एका घडीत होतं. पण हात खिशावरच थांबला. त्यांनी विचारलं, “गावच्या जंगलातून दर घराला जळणाचा वाटा मिळतो ना? माणशी एक?”

साहेबाने मान वर केली. हेही या माणसाला माहीत आहे म्हटल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला. “हो. माणशी एक.”

“तुमच्या घराला किती मिळतात?”

“एक मिळतो,” साहेब म्हणाला. “मास्तर एकच लिहितो. आई त्याचे दोन ढीग रचते. एक तिचा आणि एक माझा. माझ्या ढिगाला ती हात लावत नाही. मी म्हणतो, अगं, थंडीत वापर की. तर म्हणते, ते तुझं आहे.”

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. सरपंचांनी साहेबाच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या कागदाच्या तळाशी, त्यांच्या त्या सुंदर छापील अक्षरात बेरीज लिहिली. एकशे तेरा. खाली दुहेरी रेघ मारली.

“माझीच चूक झाली,” ते इंग्रजीत म्हणाले. “मी वरच्या घरात एकच धरत होतो. सॉरी, सर.”

साहेबाने त्यांचा हात हातात घेतला तो सोडेचना. मग त्याने कॉफी मागवली, मग घंटा अजूनही चार मिनिटं पुढे आहे का यावर दोघांचं पुन्हा वाजलं, पण ते प्रेमाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने पंपाच्या कागदावर सही केली आणि तो सामान बांधायला हॉटेलवर गेला. मॅनेजरने सरपंचांना केबिनमध्ये बोलावलं. मीही सोबत गेलो, म्हटलं वेळ आली तर टेलेक्सची साक्ष द्यावी. टायपिस्टला सरपंचांनी आधीच गप्प बसवलं होतं. माझ्यावरही दारातच डोळे वटारले.

“उत्तर आलं?” मॅनेजरने विचारलं.

“एकशे तेरा, सर. मी माफी मागितली.”

“म्हणजे तू चुकलास.”

“हो, सर.”

मॅनेजरने त्यांच्याकडे बघितलं, मग सही झालेल्या कागदाकडे, मग खणाकडे. माझ्या छातीत पंप सुरू झाला. खण उघडायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात दहावीचे दोन पेपर लिहून झाले असते. शेवटी त्याने कागद काढला, दोन वर्षांची मुदत लिहिली, सही केली आणि वर एक मेमो दिला: यापुढे हा ड्राफ्ट्समन कोणत्याही परदेशी पाहुण्याशी भूगोल या विषयावर बोलणार नाही.

सरपंच बाहेर आले, टेबलावर बसले आणि निबला शाई लावून एक सरळ पाइप काढायला लागले. मला काही राहवेना.

“अहो, टेलेक्स तुमच्या खिशात होता,” मी म्हटलं. “एकशे बारा. तुमच्या मास्तरचा आकडा. तुम्हीच बरोबर होता. पोरीची परीक्षा पणाला लावून तुम्ही चार दिवस अडून बसलात, आणि हातात कागद असताना चूक म्हणून सांगून आलात. आता मला एकदाच काय ते सांगा, त्या गावात माणसं आहेत तरी किती?”

“एकशे तेरा,” सरपंच पट्टीवरून नजर न काढता म्हणाले. “मोजायला आले तेव्हा तो कामाला गेला होता.”